न बघितलेली जागा

वरचं नाव वाचून तुम्हाला वाटलं असेल, हा आता भाडेकरू आणि घरमालकाच्या भांडणाचं सांगणार. नाहीतर प्लॉटचं, नाहीतर कोर्टाच्या तारखांचं. तसलं काही नाही. गोष्टीत मध्येच कुणी मरणार पण नाही, तेव्हा बाहेर काढलेला रुमाल परत खिशात ठेवा. मी सांगतोय ते एका अशा माणसाबद्दल, ज्याला लग्नाच्या पंगतीत बसायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा.

शिवलिंगअप्पा पंगतीत एकदम बसत नसत. पत्रावळ्या मांडल्या, लोक बसले, वाढपी आले, तरी अप्पा मांडवाच्या खांबाला टेकून उभेच. यजमान हात जोडून म्हणायचा, "अप्पा, बसा की." अप्पा डोळे बारीक करून मांडव बघायचे. बुंदीची परात कुठून निघाली, वाढपी कोण आहे, त्याचा हात कुठल्या पानापर्यंत सैल आणि कुठून पुढं आखडता, हे सगळं डोळ्यात भरून घ्यायचे आणि मग जाऊन एका पानावर बसायचे. तिथं आधीच कुणी बसलेला असला तरी. त्याला म्हणायचे, "तू तितं सरक. तुला गोड सोसत न्हाय." आणि खरंच सांगतो, वाढपी अप्पांपाशी आला की पळी तुडुंब. दोन पानं पुढं गेला की बुंदीचे दाणे एकमेकांना शोधत बसायचे.

"जागा बघ की बे," अप्पा मला म्हणायचे. "निस्ती भूक लागून काय उपेग?"

अप्पांचं चादरींचं दुकान सात रस्त्याला होतं. ते दुकान कसं धरलं ही गोष्ट ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि गिऱ्हाईक नसलं तर घडी घालता घालता चादरींना सांगायचे. मंद्रूपची शेती भावांच्या हवाली करून ते सोलापुरात आले, तेव्हा जागा शोधणारे बाकीचे लोक भाडं विचारत फिरायचे. अप्पांनी काखेतली चादर रस्त्याच्या कडेला अंथरली आणि तिच्यावर बसून राहिले. आज या कोपऱ्यावर, उद्या त्या. लोकांना वाटलं, बिचाऱ्याचं घरातलं कुणीतरी गेलंय. अप्पा घोडी बघत होते. टांगा कुठल्या वळणावर हळू होतो, ते.

"घोडं हळू झालं की आतला मानूस बाजूला बघतोय. बाजूला बघितलं की त्याला चादर दिसाय पायजे."

ते वळण सापडलं, तिथं दुकान टाकलं. पुढं टांगे कमी झाले, रिक्षा वाढल्या, पण वळण जागेवरच राहिलं आणि अप्पाही.

आमच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान अप्पांच्या शेजारी. ती जागाही अप्पांनीच सांगितलेली. समोर घरबांधणीच्या सामानाची वखार होती, ट्रकमधून खिळे सांडायचे. अप्पा वडिलांना म्हणाले, "हितं टाक. पंचर आपल्या पायानं चालत येतंय." आलं की. माझं बी.कॉम.पर्यंतचं सगळं शिक्षण त्या खिळ्यांवर झालं.

मला नकला करायचा नाद. कॉलेजच्या गॅदरिंगला मी सरांच्या नकला करायचो, टपरीवर चौकातल्या हवालदाराची करायचो, पण सगळ्यात जोरात चालायची ती अप्पांची. एक खांदा वर, डोळे बारीक, "जागा बघ की बे." एकदा टपरीवर अशीच रंगात आली होती आणि अचानक कुणी हसेना. मागं बघतो तर अप्पा. आता मुस्काटात बसणार म्हणून मी गाल तयार ठेवला.

अप्पा म्हणाले, "डावा खांदा न्हाय. उजवा वर असतोय माझा. आणि पोट आत का घेतलास? माझं पोट हाय तितंच ऱ्हाऊ दे."

तेव्हापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. नकल्या.

अप्पांचा एकुलता मुलगा बसवराज. आम्ही त्याला बसू म्हणायचो. माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर, पण मार्क मात्र त्याचे त्यालाच. त्याची आई तो लहान असतानाच गेली. शेजारची काशव्वा दोन्ही वेळच्या भाकऱ्या करून ठेवून जायची आणि बापलेक समोरासमोर बसून जेवायचे. रोज दिवेलागण झाली की बसू गल्लीतल्या घरातून दुकानाशी यायचा, बाहेरच्या लाकडी खांबाला खांदा लावून उभारायचा आणि म्हणायचा, "अप्पा, उठा की. भाकरी वाट बघलालीय."

कडक भाकरी ती. महिनाभर वाट बघितली असती तरी तिला काही झालं नसतं. पण अप्पा लगेच उठायचे. मोठं गिऱ्हाईक समोर असलं तरी त्याला म्हणायचे, "उद्या या, उद्या. पोरगं उपाशी हाय."

बसूला एक गोष्ट अजिबात जमायची नाही. खोटं बोलणं. बोलायला गेला की त्याचा आवाज वर चढायचा आणि दोऱ्यासारखा बारीक व्हायचा. "काल तासाला कुठं होतास?" असं सरांनी विचारलं की मी जाडजूड आवाजात ठणठणीत खोटं बोलून मोकळा, आणि हा मात्र "पोट दुखत होतं सर" असं शिट्टीसारखं म्हणून पकडला जायचा. त्याच्या त्या बारीक आवाजाची नक्कल मी लई मन लावून बसवली होती.

बी.कॉम. झालो. मी कसाबसा, बसू कॉलेजात पहिला. मग त्यानं कसल्या कसल्या परीक्षा दिल्या, मुलाखतीला जाऊन आला, आणि एकदम तीन ठिकाणी त्याचा नंबर लागला. पुणे, मुंबई आणि कलकत्ता. तिन्ही ठिकाणी धंद्याचं शिक्षण देणारी मोठी कॉलेजं. सात रस्त्याला ही बातमी फिरली तेव्हा लोकांना कळेना, हसावं का पेढा मागावा.

"धंदा शिकवायची शाळा?" पानवाला म्हणाला. "तितं गिऱ्हाईक कोन असतंय मग?"

"मास्तर," मी म्हणालो.

"आन घासाघीस कोन करतंय?"

"त्याचा वेगळा पेपर असतोय."

आमचे प्राचार्य बसूला म्हणाले, तिन्हीत कलकत्त्याचं भारी, डोळे झाकून जा. बसूनं मान डोलावली, आणि घरी येऊन अप्पांना मात्र म्हणाला, "पुणं बरं आहे, अप्पा."

मला टपरीवर त्यानं खरं ते सांगितलं. कलकत्त्याला जायचं त्याच्या लई मनात होतं. "पण तिकडं गेलो तर अप्पांना उठवणार कोण रे दुकानातून?" म्हणाला. "पुण्याहून निदान शनिवारी येता तरी येईल."

अप्पांनी पुणं बरं हे ऐकून घेतलं आणि त्यांचा डोळा बारीक झाला. "शाळंतलं मला काय कळत न्हाय," ते म्हणाले. "जागा बघू."

"अप्पा, तिथं काय दुकान टाकायचंय?"

"दुकान न आवडलं तर बदलता येतंय. तू दोन वर्सं बसनार हायस तितं."

बसूला दुकानात बसवलं आणि अप्पा जागा बघायला मला घेऊन निघाले. कारण मला चांगलं हिंदी येतं असा त्यांचा समज होता. मीही तो मोडला नाही. फुकट मुंबई कोण सोडतंय?

मुंबई काही जमली नाही. कॉलेजच्या फाटकासमोर अप्पांनी चादर अंथरली, मांडी घातली, तोवर पोलीस. तिथून उठून पलीकडं बसले, तर दुसरा पोलीस. तिसऱ्यांदा एका बाईंनी वरच्या गॅलरीतून कुंडीला पाणी घातलं ते बरोबर अप्पांच्या टोपीवर. अप्पा उठले, चादर झटकली आणि म्हणाले, "ज्या गावात बसता येत न्हाय त्या गावात जागा कशी बघनार? चल."

मग पुणं. पुण्याला कॉलेजसमोर छान चिंचेचं झाड होतं. अप्पांनी सावलीत चादर अंथरली. पांढरं धोतर, पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि नजर समोर फाटकावर. मी बाजूला उकिडवा. दुपारपर्यंत आम्ही पोरं बघत होतो. कोण चालत येतं, कोण सायकलवर, कुणाचा सदरा इस्त्रीचा, पोरं बाहेर पडताना हसत पडतात की मान खाली घालून. अप्पा मधूनच म्हणायचे, "हासत्यात. बरं हाय."

एवढ्यात नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. अप्पांकडं बघून त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी कनवटीचं एक नाणं काढून चादरीवर ठेवलं, नमस्कार केला आणि निघाल्या. मी हसू दाबायला झाडाच्या मागं गेलो. अप्पांनी नाणं उचललं, उलटंसुलटं बघितलं आणि हाक मारली, "ओ आक्का. ह्ये घ्या तुमचं माघारी. मी मागनारा न्हाय, सोलापूरचा चादरवाला हाय. ही चादर जरा हातात धरून बघा की."

"बसलेली चादर मी घेऊ?" आक्का म्हणाल्या. पुण्याच्याच त्या.

"बसलोय म्हनून तर सांगतो. सकाळधरनं बसलोय, सुरकुती दिसतीय का कुटं?"

आक्कांनी पदर खोचला, चादर ओढून बघितली, उलट बाजू बघितली, टोक दातात धरून बघितलं. आणि घेतली की राव. उघड्या मातीवर बसून अप्पा माझ्याकडं असे बघायला लागले, जशी काही त्यांनी पुण्याची सुपारी फोडली.

"बसल्या जागी खपली. जागा एक लंबर."

तेवढ्यावर थांबले नाहीत. मागच्या गल्लीत एक खानावळ शोधून काढली, जिथं ज्वारीची भाकरी मिळायची आणि बाई थोडं कानडी बोलायच्या. अप्पांनी त्यांच्याशी चुलीपाशी बसून गप्पा मारल्या, भाकरी मोडून बघितली, पाणी पिऊन बघितलं. "साकु," म्हणाले. बस झालं. मला वाटलं, ठरलं. बसू पुण्याला, आणि मी दर महिन्याला त्याच्याकडं फुकट राहायला.

परतीच्या गाडीत मी खुशीत होतो. दौंड गेलं. उन्हं कलायला लागली होती. अप्पा खिडकीला गप्प बसून. चादर खपली, भाकरी मिळाली, आणि तोंड असं का, मला कळेना. समोरच्या बाकावर करकंबचे एक पाहुणे होते, मांडीवर पिशवी, पिशवीवर झोप.

"नकल्या," अप्पा म्हणाले, "बसूची नक्कल येतीय का तुला?"

"येते की."

"कर."

"गाडीत? आत्ता?"

"मी इचारतो. तू बसू हो."

पाहुण्यांची झोप उडाली, ते सरसावून बसले. मी केस कपाळावर ओढले, मान जरा खाली घातली, दोन्ही हात गुडघ्यांच्या मध्ये घेतले. बसू झालो.

"बसू," अप्पा म्हणाले. ते माझ्याकडं बघून म्हणाले नाहीत, बसूकडंच बघून म्हणाले. "जेवलास का?"

"जेवलो, अप्पा."

"पुण्याची जागा बरी हाय. जाशील?"

"जाईन की."

"आन कलकत्ता?"

"नको, अप्पा. लांब आहे. पुणंच बरं."

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. आवाज वर चढला होता, दोऱ्यासारखा बारीक. मी मुद्दाम केलं नाही हो. नक्कल एकदा गळ्यात बसली की ती आपलं ऐकत नाही, ज्याची आहे त्याचं ऐकते.

 मग पाहुणे म्हणाले, "पोरगं लटकं बोलतंय ओ."

"व्हय," अप्पा म्हणाले. "घरी बी असंच बोललं. मला वाटलं, माझ्या कानाला तसं ऐकू यायलंय."

बराच वेळ ते टोपी काढून तिच्या कडा नीट करत बसले.  

"पुण्याच्या जागेत एक खोट हाय," ते म्हणाले.

"कसली खोट? चादर खपली, भाकरी मिळाली. काय राहिलं?"

"सोलापूर जवळ हाय."

"मग ते बरंच की," मी म्हणालो.

"शनवारी गाडीत बसंल. म्हातारा एकटा जेवतोय म्हनून यील. आयतवारी भाकरी खाईल, दुकान झाडंल, माझ्या टोपीला साबण लावंल, आन परत गाडीत. दर आठवड्याला. मग शिकनार कवा? गाडीत?" त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "मुंबईचं बी तेच. रातभराची तर वाट."

"मग कलकत्ता बघायला कधी निघायचं?" मी विचारलं. खरं सांगायचं तर मी मनात बॅग भरायला लागलो होतो.

"निघायचं न्हाय."

"म्हणजे?"

"त्यी जागा बघायची न्हाय."

मला वाटलं, चेष्टा करतायत. जो माणूस न्हाव्याच्या दुकानात खुर्ची फिरवून बघितल्याशिवाय दाढीला बसत नाही, तो म्हणतोय जागा बघायची नाही. मी म्हणालो, "अप्पा, तुमी? न बघता?"

"बघाय गेलो की काय ना काय खोट दिसनारच मला," अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "डोळंच तसलं हायत. मग म्या त्याला जाऊ देत नसतोय."

पाहुण्यांनी पिशवीतून दोन पेरू काढले. एक अप्पांच्या हातात ठेवला, एक माझ्या. 

सोलापुरात उतरल्यावर अप्पा तडक दुकानात गेले आणि बसूला म्हणाले, "कलकत्ता ठरलं."

बसू बघतच राहिला. "तुम्ही तर तिकडं गेलाच नाहीत."

"न गेल्यानंच ठरलं."

"पण अप्पा, पुणं..."

"पुण्याच्या झाडाखाली म्या पुरता दिवस बसलोय. मला सांगू नको. मुंगळं लई हायत."

बसूनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. "मुंगळे भयंकर," म्हणालो. जाडजूड आवाजात, ठणठणीत.

मग काय, तयारी. शेंगाचटणीचा डबा, धपाट्यांचं फडकं, आणि दुकानातली सगळ्यात जाड चादर. बसू म्हणाला, तिकडं उकाडा असतो. अप्पा म्हणाले, "मग अंथर. आपल्या जागेवर झोप."

स्टेशनवर अप्पांनी रीतसर डबा बघितला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. दौंडला गाडी बदलायची, मनमाडला बदलायची, पण बसूची पहिली जागा अप्पाच ठरवणार. आम्हाला वाटलं, नेहमीसारखी सावलीची बाजू धरतील. अप्पा जन्मात कधी गाडीत उन्हाकडं बसले नव्हते, कुणाला बसू देतही नव्हते. त्या दिवशी त्यांनी बसूला फलाटाकडच्या खिडकीत बसवलं. रणरणतं ऊन येत होतं त्या खिडकीत.

"अप्पा, त्याला ऊन लागंल की," मी म्हणालो.

"लागू दे," अप्पा म्हणाले आणि खिडकीचा गज धरून उभारले. गाडी हलली तरी गज सोडायला जरा उशीरच केला. मी दंड धरून मागं ओढलं, तेव्हा मला म्हणाले, "वढतोस काय? म्हस हाय का मी?"

बसू गेला आणि दुकान बंद व्हायची वेळ लांबत चालली. आधी दिवेलागणीला बंद व्हायचं. आता शेजारची सगळी दुकानं बंद झाली तरी अप्पा गादीवर बसून. गिऱ्हाईक नाही, कुणी नाही. नीट घातलेल्या घड्या मोडून परत घालत. आमचे वडील म्हणायचे, "अप्पा, जावा की घरी." अप्पा म्हणायचे, "एक गिऱ्हाईक यनार हाय." काशव्वा मला गल्लीत गाठून सांगायला लागली, "सकाळी बघतीय तर भाकरी तशीच, कालवन तसंच. काय करावं ह्या मानसाला?"

मला तरी काय कळतंय. मी त्यांना हसवायला हवालदाराची नक्कल करून दाखवली, प्राचार्यांची करून दाखवली. हसले, पण घड्या घालता घालताच.

एक दिवस दिवेलागणीला मी आमच्या दुकानाची फळी लावत होतो. शेजारून हाक आली, "नकल्या, बारो. ये हिकडं."

गेलो. अप्पा गादीवर. टोपी बाजूला काढून ठेवलेली.

"बसूची कर," म्हणाले.

"कुठली? सरांपुढची?"

"त्यी न्हाय. सांजची."

मला कळलं. मी हसायला गेलो, पण अप्पा माझ्याकडं बघत नव्हते. ते कात्रीनं चादरीचा सुटलेला दोरा कापत होते. मी दोन पावलं मागं गेलो, दुकानाच्या दारात मधोमध उभारलो, केस कपाळावर ओढले आणि म्हणालो, "अप्पा, उठा की. भाकरी वाट बघलालीय."

अप्पांचा हात आपोआप टोपीकडं गेला. त्यांनी टोपी घातली, कात्री ठेवली, उठले, एक पाय चपलेत घातला. आणि तसेच थांबले, दुसरा पाय अधांतरी.

मला वाटलं, झालं. काहीतरी भलतंच करून बसलो मी. तेवढ्यात अप्पा माझ्यावर असे खेकसले की समोरच्या टपरीवरचे लोक उठून बघायला लागले.

"असं म्हनतोय का त्यो? आं? 'उठा की' म्हनताना घाई करतोय का? सावकास म्हनतोय. 'भाकरी' म्हनताना जरा हासतोय. आन तू हितं दारात काय हुबारलास, बँडवाल्यावानी? त्यो दारात हुबारला हुता का कदी? तितं, खांबापशी. खांदा लावून. एवडी वर्सं त्याच्यासंगं फिरलास, माझ्या शेजारी ऱ्हायलास, आन शिकलास काय? उद्या नीट करून ये. आन येशील तवा आदी जागा बघ की बे, जागा."